युवा पशुधन लिलावातील कोकरू विक्री

युवा पशुधन लिलावातील कोकरू विक्री ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ग्रामीण जत्रांशी निगडित असलेली एक शैक्षणिक व सामाजिक प्रथा आहे. फोर-एच किंवा एफएफए या युवा संघटनांचे शालेय वयातील सदस्य काही महिने स्वतः वाढवलेले कोकरू जत्रेत आणतात, परीक्षकापुढे ते सादर करतात आणि जत्रेच्या अखेरीस जाहीर लिलावात विकतात. विकलेले कोकरू बहुधा थेट कत्तलखान्यात जाते. खरेदीदार प्रामुख्याने परिसरातील व्यापारी, बँका, खाद्यविक्रेते आणि शेती अवजारांचे वितरक असतात. ते चालू बाजारभावापेक्षा पुष्कळ अधिक भाव देतात आणि ही जादा रक्कम मुलांच्या शिक्षणाला दिलेले प्रोत्साहन मानली जाते. कोकरांप्रमाणेच डुक्कर, गोऱ्हे, बोकड, ससे आणि कोंबड्या यांचेही असे लिलाव होतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः कोकरांचा विचार केला आहे.

## संज्ञा

मांसासाठी वाढवलेल्या, एक वर्षाहून कमी वयाच्या मेंढीच्या पिल्लाला अमेरिकेत 'मार्केट लॅम्ब' म्हणतात. मराठीत त्यास 'बाजारी कोकरू' म्हणता येईल. अशी कोकरे बहुतेक खच्ची केलेले नर असतात. काही ठिकाणी माद्यांनाही प्रवेश असतो. अमेरिकी व्यवहारात 'लॅम्ब' हे कोवळ्या कोकराचे मांस आणि 'मटन' हे प्रौढ मेंढीचे मांस असा स्पष्ट भेद केला जातो. महाराष्ट्रात 'मटण' हा शब्द शेळी-बोकड व मेंढी या दोहोंच्या मांसासाठी सरसकट वापरला जात असल्याने मराठी वाचकाने हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

आईने नाकारलेल्या, आई दगावलेल्या किंवा तिळ्यांपैकी दूध न पुरणाऱ्या कोकराला पश्चिमेकडील राज्यांत 'बमर' म्हणतात. ज्या लिलावानंतर सर्व जनावरे अनिवार्यपणे कत्तलीस जातात त्यास 'टर्मिनल' लिलाव म्हणतात. ज्या लिलावात खरेदीदार केवळ प्रोत्साहनपर रक्कम देतो आणि जनावराची मालकी बदलत नाही, त्यास 'प्रीमियम' लिलाव अशी संज्ञा आहे.

## इतिहास

अमेरिकेतील कृषी जत्रांचा उगम सांगताना एल्काना वॉटसन यांचे नाव घेतले जाते, आणि त्या उगमाशी मेंढरांचाच संबंध आहे. वॉटसन यांनी १८०७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड गावाच्या चौकात दोन मेरिनो मेंढ्या लोकांना पाहण्यासाठी ठेवल्या. त्यांच्या उत्तम लोकरीमुळे शेतकऱ्यांची गर्दी झाली. या अनुभवातून वॉटसन यांनी पुढे पशुप्रदर्शने भरवली आणि १८११ मध्ये बर्कशायर कृषी संस्था स्थापन झाली. बक्षिसांची चढाओढ लावून शेतकऱ्यांना सुधारित पशुपालनाकडे वळवण्याची ही पद्धत पुढे देशभर पसरली.

मुलांचा यातील सहभाग विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुरू झाला. ए. बी. ग्रॅहम या शिक्षकाने १९०२ मध्ये ओहायो राज्यातील क्लार्क काउंटीत मुलामुलींचे शेतीविषयक मंडळ सुरू केले. फोर-एच चळवळीचा आरंभ येथून मानला जातो. नव्या वाणांवर आणि पद्धतींवर प्रौढ शेतकरी सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत, परंतु मुलांच्या हातून झालेले प्रयोग पाहून ते बदल स्वीकारतात, असा अनुभव त्या काळातील कृषी प्रसारकांना येत होता. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषी विस्तार सेवेची राष्ट्रव्यापी यंत्रणा उभी राहिली आणि फोर-एच मंडळे तिचा भाग बनली. या नावातील चार 'एच' म्हणजे इंग्रजीतील मस्तक, हृदय, हात आणि आरोग्य या चार शब्दांची आद्याक्षरे होत. संघटनेचे बोधचिन्ह चार पानांचे हिरवे क्लोव्हर आहे.

शाळांतील व्यावसायिक कृषिशिक्षणास १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने केंद्रीय साहाय्य मिळाले. त्यातून १९२८ मध्ये कॅन्सस सिटी येथे 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' अर्थात एफएफए ही संघटना स्थापन झाली. वांशिक विभक्तीच्या काळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका' ही स्वतंत्र संघटना होती. १९६५ मध्ये ती एफएफएमध्ये विलीन करण्यात आली. मुलींना एफएफएचे सदस्यत्व १९६९ मध्ये खुले झाले. आज लिलावाच्या रिंगणात मुलींची संख्या लक्षणीय असते. त्या मानाने हा बदल फार जुना नाही.

## संघटना आणि पात्रता

फोर-एचचे काम जमीन-अनुदानित विद्यापीठे व काउंटी स्तरावरील विस्तार कार्यालये यांच्यामार्फत चालते, तर एफएफएच्या शाखा शाळांतील कृषी विभागाशी जोडलेल्या असतात. फोर-एचमध्ये पशुप्रकल्पासाठी साधारणतः आठ किंवा नऊ वर्षे पूर्ण असावी लागतात. एफएफएचे सदस्य प्रायः माध्यमिक शाळेतील असतात. वयोमर्यादेचा तपशील राज्यागणिक बदलतो.

लिलावात भाग घेण्यासाठी काही अटी जवळजवळ सर्वत्र आढळतात. कोकरू ठरावीक तारखेपूर्वी मुलाच्या मालकीचे झालेले असावे. त्याच्या कानात नोंदणीचा बिल्ला असावा. त्याची रोजची देखभाल मुलाने स्वतः केलेली असावी. आणि प्रकल्पाची नोंदवही पूर्ण असावी. मालकीच्या तारखेची अट महत्त्वाची आहे. तयार कोकरू जत्रेच्या तोंडावर विकत घेऊन लिलावात उभे करण्याच्या प्रकाराला तिने आळा बसतो. स्क्रेपी या मेंढ्यांच्या मज्जासंस्थेच्या घातक रोगाचे निर्मूलन करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू असल्याने प्रदर्शनात जाणाऱ्या मेंढरांना त्या कार्यक्रमाचा अधिकृत बिल्लाही लागतो.

## निवड आणि संगोपन

उन्हाळ्याच्या अखेरीस भरणाऱ्या जत्रेसाठी बहुधा जानेवारी ते मार्च या काळात जन्मलेले कोकरू निवडतात. सफोक, हॅम्पशायर, डॉर्सेट व साउथडाउन या जाती आणि त्यांच्या संकरातून झालेली कोकरे अधिक पसंत केली जातात. लांब पाठ, रुंद कंबर, सरळ व मजबूत पाय आणि भरदार मांड्या ही लक्षणे पाहिली जातात, कारण कोकराच्या मांसाचे महागडे भाग कंबर, बरगडीची पाठ आणि मांडी येथूनच मिळतात.

### बाटलीवरचे कोकरू

सर्वच मुलांना पैदासकाराकडून निवडक कोकरू विकत घेणे परवडत नाही. पश्चिमेकडील मोठ्या कळपांचे मालक पोरकी 'बमर' कोकरे मुलांना अल्प किमतीत किंवा विनामूल्य देतात. अशा कोकराचे संगोपन जन्मापासून हातीच असते. जन्मानंतर पहिल्या काही तासांत त्यास चीक मिळणे अत्यावश्यक असते. आईच्या चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून शोषून घेण्याची नवजात कोकराची क्षमता साधारणतः एका दिवसात संपते. त्यानंतर कितीही दूध पाजले तरी ही उणीव भरून निघत नाही. पुढे कोकरांसाठी बनवलेली दूधपूड पाण्यात कालवून बाटलीने पाजतात. मेंढीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश व प्रथिने बरीच अधिक असल्याने वासरांची दूधपूड यास चालत नाही. आरंभी दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे आणि पुढे कमी वेळा पाजले जाते. एकाच वेळी अधिक पाजल्यास पोट फुगून कोकरू दगावू शकते.

बाटलीवरचे कोकरू बहुधा आईच्या दुधावर वाढलेल्या कोकरांपेक्षा वजनात मागे राहते आणि म्हणून सर्वोच्च बक्षिसापर्यंत क्वचितच पोहोचते. मात्र ते माणसाला इतके सरावते की मुलाच्या मागे मागे फिरते आणि हाक ओळखते. प्रकल्पाच्या शेवटी होणारी ताटातूट अशा कोकरांच्या बाबतीत सर्वांत कठीण जाते, ती याच कारणाने.

### आहार

दूध तुटल्यावर कोकराला धान्य व पेंडीचा खुराक आणि थोडा वाळका चारा, विशेषतः लसूणघास, देतात. खुराकात प्रथिनांचे प्रमाण साधारणतः १४ ते १८ टक्के असते. चांगल्या निगराणीत कोकराचे वजन दिवसाला सरासरी अर्धा ते पाऊण पौंड (सुमारे २२५ ते ३४० ग्रॅम) वाढते. विक्रीच्या वेळी ते बहुधा ११० ते १५० पौंडांचे (सुमारे ५० ते ६८ किलो) असते. जत्रांनी किमान व कमाल वजनाची मर्यादा घातलेली असल्यामुळे वजन केवळ वाढवून भागत नाही. ठरलेल्या दिवशी ते ठरलेल्या मर्यादेत आणावे लागते. त्यासाठी मुले नियमित वजन करून उरलेले दिवस आणि उरलेले पौंड यांचा भागाकार मांडतात.

मेंढ्यांच्या आहारात दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी लागते. पहिली म्हणजे तांबे. मेंढीच्या यकृतात तांबे साठत जाते आणि डुकरे, कोंबड्या किंवा गुरे यांच्यासाठी बनवलेला, तांबे मिसळलेला खुराक तिला विषासमान ठरतो. दुसरी म्हणजे खच्ची नरांत होणारे मूतखडे. खुराकात फॉस्फरस अधिक झाल्यास खडे होऊन लघवी अडते आणि जनावर दगावते. म्हणून कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण सुमारे दोनास एक राखतात, अमोनियम क्लोराइड मिसळतात आणि स्वच्छ पाणी सतत उपलब्ध ठेवतात.

### आरोग्य

खुराक एकदम वाढवल्यास आंत्रविषार हा रोग होण्याचा धोका असतो. चांगले खाणारी, झपाट्याने वाढणारी कोकरेच त्यास बळी पडतात. क्लोस्ट्रिडियम जीवाणूंविरुद्धची लस देऊन आणि खुराक क्रमाक्रमाने वाढवून हा धोका टाळता येतो. जंतनाशके, खुरांची छाटणी आणि गोठ्याची कोरडी जमीन यांकडेही लक्ष द्यावे लागते. तोंडाला व ओठांना फोड आणणारा 'ऑर्फ' हा विषाणूजन्य रोग माणसालाही होतो, त्यामुळे मुलांना हातमोजे वापरण्यास शिकवले जाते.

### हाताळणी

कोकराला आरंभी मोरकी घालून चालवण्याचा सराव करतात. प्रत्यक्ष रिंगणात मात्र अनेक प्रदर्शनांत मोरकी काढून टाकतात आणि मुलाने केवळ दोन्ही हातांनी हनुवटी व मान धरून कोकरू चालवायचे असते. उभे केल्यावर मूल कोकराच्या छातीला आपल्या मांडीचा किंवा गुडघ्याचा आधार देते आणि कोकरू त्यावर पुढे रेटते. या ताणाने पाठीचे व मांडीचे स्नायू टणक होतात आणि परीक्षकाच्या हाताला ते स्पष्ट लागतात. हे कोकराला शिकवण्यास अनेक आठवड्यांचा रोजचा सराव लागतो.

## प्रदर्शन

जत्रेत प्रवेश करताना कोकराचे अधिकृत वजन होते आणि त्यानुसार गट पाडले जातात. स्पर्धा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात परीक्षक जनावराचा विचार करतो. तो पाठीवर, बरगड्यांवर आणि कमरेवर हात फिरवून मांसलपणा व चरबीचा थर अजमावतो. चरबी अगदी कमी असेल तर मांस कोरडे होते, अधिक असेल तर वाया जाते. दुसऱ्या प्रकारात मुलाच्या सादरीकरणाचा विचार होतो. कोकरू शांत आहे का, मुलाचे लक्ष परीक्षकाकडे आहे का, खुराकातील प्रथिनांचे प्रमाण किंवा कोकराचा जन्ममहिना विचारल्यास नेमके उत्तर येते का, हे पाहिले जाते. सामान्य प्रतीचे कोकरू असलेले मूलही या दुसऱ्या स्पर्धेत प्रथम येऊ शकते. त्यामुळे अनेक शिक्षक तिला अधिक मोलाची मानतात.

गटांतील विजेत्यांमधून सर्वश्रेष्ठ व उपश्रेष्ठ कोकरू निवडले जाते. लिलावाचा क्रम बहुधा या निकालावर ठरतो. अनेक काउंटी जत्रांत किमान दर्जा गाठलेल्या प्रत्येक कोकराला लिलावात जागा मिळते, परंतु एका मुलास बहुधा एकाच जनावराच्या विक्रीची मुभा असते.

## लिलाव

### खरेदीदारांना निमंत्रण

लिलावाची तयारी काही आठवडे आधी सुरू होते. मूल स्वहस्ते पत्रे लिहून किंवा प्रत्यक्ष भेटून गावातील व्यापाऱ्यांना लिलावास येण्याचे निमंत्रण देते. पत्रात आपले नाव, मंडळ, इयत्ता, कोकराची जात व अपेक्षित वजन, यंदा काय शिकलो आणि विक्रीच्या पैशांचा विनियोग कसा करणार, हे थोडक्यात लिहावे असे मार्गदर्शन केले जाते. ओळख नसलेल्या दुकानात जाऊन मालकाशी बोलण्याचा हा अनेक मुलांचा पहिला प्रसंग असतो.

### बोली

लिलावाच्या दिवशी मूल कोकरू घेऊन रिंगणात येते. निवेदक मुलाचे नाव, मंडळ आणि कोकराचे वजन जाहीर करतो. बोली बहुधा दर पौंडामागे लागते. काही ठिकाणी संपूर्ण जनावराची एकत्रित किंमत पुकारली जाते. अमेरिकी लिलावदाराचा पुकारा अतिशय जलद, तालबद्ध आणि नवख्या कानाला जवळजवळ अनाकलनीय असतो. रिंगणाच्या कडेला उभे असलेले साहाय्यक श्रोत्यांतील इशारे टिपून मोठ्याने ओरडून ते लिलावदारापर्यंत पोहोचवतात. एका कोकराची विक्री बहुधा एक-दोन मिनिटांत उरकते. तेवढ्या वेळात मुलाने कोकरू व्यवस्थित उभे ठेवायचे आणि बोली लावणाऱ्यांकडे पाहायचे असते.

अंतिम बोलीखेरीज अनेक ठिकाणी पुरवणी रक्कम स्वीकारण्याची सोय असते. ज्यांना पूर्ण कोकरू घेणे परवडत नाही असे नातेवाईक, शेजारी किंवा लहान दुकानदार एखाद्या मुलाच्या नावे दहा-वीस डॉलर जमा करू शकतात.

### विक्रीनंतर

खरेदीदारापुढे सामान्यतः तीन-चार पर्याय असतात. तो कोकरू आपल्यासाठी कापून घेऊन मांस नेऊ शकतो. मांस अन्नपेढीला दान करू शकतो. किंवा जनावर चालू बाजारभावाने घाऊक व्यापाऱ्याला परत विकून केवळ फरकाची रक्कम सोसू शकतो. शेवटच्या पर्यायामुळे मांसाची गरज नसलेली बँक किंवा विमा कंपनीदेखील बोली लावू शकते. साधारणतः जिवंत वजनाच्या निम्मे वजन सोललेल्या धडाचे भरते. म्हणजे १३० पौंडांच्या कोकराचे धड सुमारे ६५ पौंडांचे (अंदाजे ३० किलो) होते आणि हाडे व चरबी काढल्यावर मांस याहून कमी उरते.

मुलाने खरेदीदाराला आभारपत्र पाठवणे हा संकेत इतका पक्का आहे की काही जत्रांत आभारपत्र सादर केल्याशिवाय धनादेश दिला जात नाही.

## हिशेब

प्रकल्पाच्या नोंदवहीत जमाखर्च मांडणे अनिवार्य असते. हिशेबाची रीत स्पष्ट व्हावी म्हणून पुढे एक काल्पनिक उदाहरण दिले आहे. यातील दर केवळ उदाहरणादाखल आहेत.

- ६० पौंडांचे कोकरू २५० डॉलरला घेतले आणि ते १३० पौंडांचे करायचे आहे. आवश्यक वाढ ७० पौंड.
- दिवसाला ०.६ पौंड वाढ धरल्यास सुमारे ११७ दिवस लागतील.
- एक पौंड वजनवाढीस साडेपाच पौंड खुराक धरल्यास एकूण खुराक ३८५ पौंड. पौंडास ३५ सेंट या दराने खर्च सुमारे १३५ डॉलर.
- चारा, लस, कातरणी, प्रवेशशुल्क इत्यादी ११५ डॉलर. एकूण खर्च ५०० डॉलर.
- लिलावात पौंडास ६ डॉलर भाव मिळाल्यास विक्री ७८० डॉलर. ५ टक्के अडत म्हणजे ३९ डॉलर वजा जाता हाती ७४१ डॉलर. शिल्लक २४१ डॉलर.
- तेच कोकरू खुल्या बाजारात पौंडास २ डॉलरने विकल्यास केवळ २६० डॉलर येतात आणि २४० डॉलर तोटा होतो.

रोज एक तास धरल्यास ११७ तासांच्या श्रमाचा मोबदला तासाला दोन डॉलरांच्या आसपास पडतो. एकटे कोकरू किरकोळीने घेऊन, विकतचा खुराक घालून वाढवणे हा मुळात फायद्याचा धंदा नाही, हे या हिशेबातून दिसते. शिल्लक राहते ती समाजाने दिलेल्या जादा भावातून. म्हणूनच काही शिक्षक मुलांना नोंदवहीत दोन्ही भावांनी हिशेब मांडण्यास सांगतात, जेणेकरून प्रोत्साहनाची रक्कम हीच शेतीची कमाई असा गैरसमज होऊ नये.

मोठ्या राज्यस्तरीय प्रदर्शनांतील आकडे यापासून फार दूर असतात. १९३२ मध्ये सुरू झालेल्या ह्यूस्टन पशुप्रदर्शनात २०२२ साली सर्वश्रेष्ठ गोऱ्ह्याला दहा लाख डॉलरची बोली लागली. अशा प्रदर्शनांत ठरावीक मर्यादेपलीकडील रक्कम मुलाला न देता शिष्यवृत्ती निधीकडे वळवण्याची पद्धत आढळते.

## नियम आणि नीतिमत्ता

लिलावातील जनावर अखेरीस कोणाच्या तरी ताटात जाणार असल्याने औषधांविषयीचे नियम कडक आहेत. प्रत्येक औषधानंतर मांस खाण्यायोग्य होईपर्यंत ठरावीक दिवस जावे लागतात आणि त्याची लेखी नोंद ठेवावी लागते. अनेक राज्यांत मुलांना अन्नसुरक्षा व पशुकल्याण यांविषयीचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते.

बक्षिसांची रक्कम वाढू लागली तशी लबाडीही वाढली. १९९० च्या दशकात स्नायू वाढवणाऱ्या क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या औषधाचा वापर अनेक प्रदर्शनांत उघडकीस आला. त्यानंतर लघवीची व ऊतींची तपासणी आणि विजेत्यांना अपात्र ठरवण्याचे नियम सर्वत्र आले. ठळक मांड्या दिसाव्यात म्हणून कोकराचे शेपूट मुळापासून छाटण्याची प्रथाही वादग्रस्त ठरली. त्यामुळे गुदद्वाराचा भाग बाहेर येण्याचा धोका वाढतो, असा पशुवैद्यकांचा आक्षेप आहे. अनेक प्रदर्शनांनी शेपटाचा किमान भाग शिल्लक असण्याची अट घातली आहे.

## ताटातूट

लिलावानंतरची सायंकाळ या प्रथेचा सर्वांत कठीण भाग समजली जाते. विकलेल्या कोकरांच्या पाठीवर रंगाची खूण होते, मोरकी काढली जाते आणि ती मालमोटारीत चढवली जातात. कोठ्यात बसून रडणारी मुले हे काउंटी जत्रेतील नेहमीचे दृश्य आहे.

या प्रसंगाचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. समर्थकांच्या मते मांस कोठून येते हे न कळता ते खाण्यापेक्षा त्या जिवाची निगा राखून, त्याचे मोल जाणून तो सोपवणे अधिक प्रामाणिक आहे. पशुपालक कुटुंबांत हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि जबाबदारी व माया एकाच वेळी बाळगता येतात, हे त्यातून मुले शिकतात. विरोधकांच्या मते नऊ-दहा वर्षांच्या मुलाने या शेवटास दिलेली संमती पूर्ण समजून दिलेली नसते, आणि रडू आवरण्याचे शिक्षण म्हणजे करुणा दाबण्याचेच शिक्षण होय. अनुभवी मंडळ-प्रमुख सामान्यतः पहिल्याच दिवशी शेवट स्पष्ट सांगण्याचा आग्रह धरतात. काही कुटुंबे बाजारी कोकराला नाव ठेवत नाहीत. काही मुद्दाम खाद्यपदार्थाचे नाव ठेवतात. ज्या मुलांना विक्री सोसवत नाही त्यांच्यासाठी पैदाशीच्या मेंढीचा किंवा लोकरीचा प्रकल्प हा पर्याय असतो, कारण त्यात जनावर घरीच राहते.

## 'सीडर' प्रकरण

विक्रीनंतर मुलाचे मन बदलल्यास काय करावे, हा प्रश्न कॅलिफोर्नियातील शास्ता जिल्हा जत्रेतील एका बोकडामुळे राष्ट्रीय चर्चेत आला. जून २०२२ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीचा 'सीडर' नावाचा बोकड तेथील लिलावात ९०२ डॉलरला विकला गेला. मुलीला त्यास सोडवेना, म्हणून तिच्या आईने बोकड जत्रेतून नेला आणि जत्रेचे होणारे नुकसान भरून देण्याची तयारी दर्शवली. खरेदीदाराच्या बाजूनेही बोकड वाचवण्यास विरोध नव्हता. जत्रेच्या व्यवस्थापनाने मात्र नियमानुसार जनावर कत्तलीसच गेले पाहिजे, अशी भूमिका घेतली. शेरीफच्या शिपायांनी दूरच्या सोनोमा काउंटीत जाऊन बोकड ताब्यात घेतला आणि पुढे त्याची कत्तल झाली.

कुटुंबाने केंद्रीय न्यायालयात दावा दाखल केला. अज्ञान व्यक्तीला आपण केलेला करार रद्द करण्याचा कायदेशीर हक्क असतो आणि मालकीचा वाद हा दिवाणी स्वरूपाचा असून पोलिसांनी तो परस्पर निकालात काढणे गैर होते, असे त्यांचे म्हणणे होते. २०२४ मध्ये शास्ता काउंटीने तीन लाख डॉलर देऊन तडजोड केली. प्रवेशअर्जावरील पालकांच्या स्वाक्षरीचा अर्थ काय आणि माघार घेण्याची अंतिम वेळ कोणती, हे प्रश्न या प्रकरणामुळे ऐरणीवर आले.

## इतर टीका

भाव कोकराच्या गुणांपेक्षा कुटुंबाच्या ओळखीवर ठरतो, हा लिलावांवरील जुना आक्षेप आहे. ज्याचे वडील गावातील मोठे ग्राहक, त्याच्या कोकराला दुकानदार चढी बोली लावतात. नव्याने आलेल्या किंवा शेतमजूर कुटुंबातील मुलाचे कोकरू तितकेच चांगले असूनही मागे राहते. यावर उपाय म्हणून काही जत्रांनी किमान भाव ठरवला आहे, काहींनी सामाईक निधीतून रक्कम वाटण्याची पद्धत स्वीकारली आहे, तर काही ठिकाणी स्थानिक हितचिंतकांचे गट कमी बोली लागलेल्या मुलांसाठीच पैसे राखून ठेवतात. महागडी कोकरे आणि भाड्याने घेतलेले तज्ज्ञ यांमुळे मुलांच्या प्रकल्पाला मोठ्यांच्या स्पर्धेचे रूप येते, अशीही तक्रार केली जाते.

## सद्यस्थिती

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुमारे ५ कोटी ६० लाख मेंढ्या होत्या. आज ही संख्या ५० लाखांच्या आसपास आहे. दरडोई कोकराच्या मांसाचा वार्षिक खप अर्ध्या किलोच्या जवळपास असून त्यातील निम्म्याहून अधिक मांस मुख्यतः ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथून येते. व्यावसायिक मेंढीपालन असे आक्रसत असताना लहान कळपांच्या पैदासकारांसाठी मुलांचे प्रकल्प ही एक महत्त्वाची बाजारपेठ बनली आहे. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे अनेक जत्रा रद्द झाल्या आणि लिलाव संगणकीय माध्यमातून घ्यावे लागले. त्यानंतर प्रत्यक्ष लिलावाबरोबर दूरस्थ बोलीची सोय अनेक ठिकाणी कायम राहिली.

आता या प्रकल्पांतील अनेक मुले शहरांच्या कडेच्या वस्त्यांतून येतात. त्यांच्या घरी शेती नसते. शाळेच्या किंवा मंडळाच्या सामाईक गोठ्यात ती कोकरू ठेवतात. पशुपालनाशी त्यांचा आयुष्यातील कदाचित हा एकमेव प्रत्यक्ष संबंध असतो.

## हेही पाहा

- फोर-एच
- एफएफए
- मेंढीपालन
- मेरिनो मेंढी
- आंत्रविषार
- कृषी विस्तार